डिजिटल कॅमेऱ्याने इन्फ्रारेड छायाचित्रणाची सुरुवात
कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा लाल रंगापलीकडचा प्रकाश जाणवतो, पण त्याच्यापुढचा अंतर्गत फिल्टर तो बहुतांशी अडवतो. म्हणून टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबावे आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्याचा इन्फ्रारेड दिवा कितपत उजळतो, ते आधी पाहावे; तो जितका उजळ, तितका हा प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतो.

लेन्सवर लावायचा, मुख्यतः इन्फ्रारेड प्रकाशच आत सोडणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर डोळ्यांना जवळजवळ काळाच दिसतो, त्यामुळे कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून चौकट व फोकस ठरवावेत, ऑटोफोकस बंद करावा आणि मगच फिल्टर चढवावा. भर उन्हातही एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) कित्येक सेकंदांचे लागू शकते, तेव्हा वारा पडलेला असलेला उत्तम. छायाचित्र रॉ स्वरूपातच (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) घ्यावे आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, उन्हातल्या हिरव्या गवतावर साधावा. त्यामुळे या फिल्टरमुळे आलेले लालभडक चित्र निवळून पाने पांढरीशुभ्र दिसू लागतात, आणि या छायाचित्रणाचे खरे सौंदर्य तिथेच आहे. मधोमध फिकट डाग पडल्यास ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) थोडे मोठे करावे किंवा लेन्स बदलावी.