तोतरं बोलता आणि पहिली मुलाखत आहे? मग हे वाचा

शब्द अडतो म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ओठ मिटलेले, छाती आवळलेली, समोरचा मान पुढे करून बघतोय आणि शब्द डोक्यात लख्ख उभा. मला सांगायचंय ते एका सवयीबद्दल. तिच्यात मी बारा वर्षं घालवली. शब्द बदलण्याची सवय.

माझा 'प' अडतो. स्वारगेटहून पद्मावतीला जायचं असायचं, पण कंडक्टर जवळ आला की तोंडातून 'धनकवडी' निघायचं. पुढच्या स्टॉपचं तिकीट काढून मी पद्मावतीला उतरायचो. पोहे खावेसे वाटायचे, मागवायचो उपमा. कॉलेजातल्या मित्रांना तीन वर्षं पत्ताच नव्हता की मी अडखळतो. मला वाटायचं, जमलं आपल्याला.

मग मुलाखत आली. मेकॅनिकलचा डिप्लोमा, प्रोजेक्ट सेंट्रिफ्युगल पंपावर. समोरच्या साहेबांनी अगदी सोपं विचारलं, "पंप चालू करण्याआधी काय करता?" उत्तर होतं प्रायमिंग. केसिंगमध्ये पाणी भरून आतली हवा काढायची, नाहीतर पंप पाणी ओढतच नाही. वर्षभर या हातांनी केलेलं काम. पण प्रायमिंग, पंप, पाणी... सगळीकडे 'प'. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "माहीत नाही सर." जराही न अडता. पुढच्या दोन प्रश्नांनाही तेच. त्यांनी फाइल मिटली. याला विषय येत नाही, असंच त्यांना वाटलं असणार, आणि मी त्यांना दुसरं काही वाटायला जागाच ठेवली नव्हती.

म्हणून कळकळीने सांगतो, येत असलेल्या उत्तराला 'माहीत नाही' म्हणू नका. दोन मिनिटं अडखळा, घाम फुटू दे, पण तोच शब्द बोला.

शब्द टाळला की त्या घडीला सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणंच घात करतं. मनात पक्कं बसतं की 'प' धोक्याचा होता, म्हणून पळालो ते बरं झालं. पुढच्या वेळी भीती आधीच येऊन बसलेली असते. माझ्या यादीत 'प'च्या मागोमाग 'क' आला, मग 'ब'. आणि स्वतःचं नाव? त्याला कुठला दुसरा शब्द शोधणार? म्हणूनच आपल्यातले बहुतेक जण नावावर अडतात.

जोसेफ शीहान हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः तोतरे होते. ते तोतरेपणाला हिमनग म्हणायचे. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक. लाज, भीती, अपराधीपणा सगळं पाण्याखाली. मी वरचं टोक लपवलं आणि खालचं वाढवत गेलो.

आता थोडं स्पष्ट बोलतो. तीस दिवसांत गॅरंटीने बरं करतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. बोटाने ताल धरून बोलायला शिकवतात, क्लासमध्ये फरक पडतोही, कारण तालावर आपण अडत नाही. आरतीत कधी अडलाय का तुम्ही? बाहेर पडल्यावर आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. वेखंडाच्या मात्रेबद्दल आजीवर रागावू नका, पण त्या मात्रेचा गुण येईल म्हणून वाटही बघू नका. आणि 'शांतपणे श्वास घे, होईल' एवढाच सल्ला देणारे सीनियर मनाने कितीही चांगले असले तरी आपले गुरू नव्हेत. आपल्याला गप्प बसून थांबणारा माणूस लागतो.

घाबरट आहात म्हणून तोतरे झालात, असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. मुळाशी मेंदूतली बोलण्याची जुळवाजुळव आणि आनुवंशिकता असते. भीती नंतर येते आणि भर घालते. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असा असतो. तुमच्या लोकलच्या एका डब्यातही दोन-तीन निघतील.

मला उपयोग झाला तो मुद्दाम अडखळण्याचा. अमेरिकन स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर हे तंत्र वापरायचे, तेही तोतरेच. वाण्याच्या दुकानात जाऊन, अडत नसतानाही, "प-प-पोहे द्या" म्हणायचं आणि नजर खाली न्यायची नाही. पहिल्या दिवशी पाय कापत होते. वाण्याने विचारलं, "जाड की पातळ?" बस. शक्य असेल तर हे प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टबरोबर करा. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. मुलाखतीत बसल्याबरोबर सांगून टाका, "मी अडखळतो, थोडा वेळ लागेल." मला नोकरी लागली त्या मुलाखतीत या वाक्यातच दोनदा अडलो होतो.

सवय पूर्ण गेली, असं मी म्हणणार नाही. बाबा अजून माझे शब्द पुरे करतात, मायेनेच. गेल्या महिन्यात फोनवर, घरी कधी येणार ते सांगत होतो, "पं... पं..." तर ते म्हणाले, "पाच तारखेला का?" मी "हो" म्हणून फोन ठेवला. दहा मिनिटं तसाच बसलो. मग परत लावला आणि सांगितलं, पंधराला येतोय.