क्लच आणि गिअरच्या तक्रारी: प्लेटा बदलण्याआधी या चुका टाळा

मोटरसायकलचा क्लच जड लागतो, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज येतो. अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की पुष्कळदा लगेच ऐकायला मिळतं, "प्लेटा गेल्या." प्लेटा म्हणजे क्लचमधल्या, इंजिनाचा जोर गिअरकडे पोहोचवणाऱ्या चकत्या. कधी त्या खरंच गेलेल्या असतात. पण रेवसपासून रेडीपर्यंतच्या या किनारपट्टीवर, जिथे खारी हवा वर्षभर लागते आणि पाऊस चार महिने झोडपतो, तिथे आधी संशय घ्यावा तो क्लच वायरचा. तपासणी नेहमी बाहेरून आत करावी: हँडलवरचा लिव्हर, वायर, ॲडजस्टर (वायरीचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू), गिअरचा पाय (पायाने दाबायचा दांडा), चेन, ऑईल आणि सगळ्यात शेवटी इंजिनाचं कव्हर. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

वायर ताणून ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्लचचा लिव्हर थोडा मोकळा हलला पाहिजे आणि त्यानंतर भार लागला पाहिजे. ही मोकळीक म्हणजे प्ले. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी प्ले लागतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. अनेकांना क्लच "लगेच लागलेला" आवडतो, म्हणून ते प्ले शून्यावर आणतात. मग लिव्हर सोडलेला असतानाही वायर आतली यंत्रणा किंचित ओढून धरते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर बसत नाही आणि प्लेटा घसरत राहतात. सपाटीला हे कळत नाही. हर्णै बंदरातून बर्फ-मासळीचे क्रेट बांधून वर चढायला लागलं की कळतं: इंजिन ओरडतं, गाडी मात्र रेंगाळते आणि जळका वास येतो. लिव्हरवर सतत बोटं टेकवून चालवण्याचा परिणामही हाच.

एक खूण लक्षात ठेवा. वायर लांबली की प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या की बहुतेक गाड्यांत तो कमी होतो. तुम्ही ॲडजस्टरला हात लावलेला नाही आणि तरीही प्ले आपोआप कमी होतोय, तर प्लेटांकडे बघायची वेळ जवळ आली आहे.

उलट प्ले फार झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हर पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरला गाडी पुढे सरकू पाहते, उभ्या गाडीला न्यूट्रल लागत नाही, गिअर कुरकुरत पडतात. अशा वेळी गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

ॲडजस्ट करताना लोक फक्त हँडलजवळचा ॲडजस्टर फिरवत राहतात. तो बाहेर येत येत शेवटच्या दोन-चार आट्यांवर लोंबकळतो आणि खड्ड्यात दणका बसला की वाकतो. तो बारीक फरकासाठी आहे. आधी तो जवळजवळ पूर्ण आत घ्या, मग इंजिनाकडच्या टोकाचे दोन नट सैल करून मुख्य माप तिथे लावा, नट घट्ट करा आणि उरलेला फरक वर काढा. वरच्या ॲडजस्टरला वायर घालण्यासाठी खाच असते. ती लिव्हरच्या खाचेसमोर ठेवू नका, तिथून पाणी शिरतं. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. प्ले बदलत असेल तर वायर कुठेतरी अडकून किंवा ताणून बसवली आहे. नवीन वायर टाकल्यावर ही तपासणी चुकवू नका.

खोबरेल, ग्रीस आणि गंज

लिव्हर जड होण्याचं इथलं मुख्य कारण गंज. वरचं रबरी टोपण फाटलेलं असतं, पावसाचं पाणी वायरीतून आत उतरतं आणि खारी हवा उरलेलं काम करते. लिव्हर सोडल्यावर तो सटकन परत न येता हळूहळू येतो, हे पहिलं लक्षण.

घरात हाताशी असतं म्हणून वायरीत खोबरेल सोडतात. थोडे दिवस क्लच हलका वाटतो. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालेलं आपण पाहतोच. वायरीतही तेच होतं, आणि त्यात धूळ बसून चिकटा तयार होतो. जाड ग्रीसही आत उतरत नाही. पातळ मशीन ऑईल घ्या, वायरीच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा कोन बांधून त्यात थेंब थेंब सोडा आणि खालच्या टोकाला स्वच्छ तेल दिसेपर्यंत आतली तार वर-खाली करा. लिव्हरच्या बोल्टला मात्र ग्रीस हवंच.

लिव्हरजवळच्या टोकाशी तारेचा एक जरी धागा सुटलेला दिसला, तर तेल-पाणी करत बसू नका, वायर बदला. ती तुटते तेव्हा बहुधा चढावर तुटते. करूळ किंवा आंबा घाट चढायचा असेल तर जादा वायर सीटखाली असू द्या.

उभ्या गाडीचा गिअर लाथेने पाडणं

इंजिन बंद, गाडी उभी, आणि गिअर पडत नाही म्हणून टाचेचे दणके देणारे पाहिले की वाईट वाटतं. आतल्या गिअरचे दात आणि खाचा समोरासमोर आल्याशिवाय ते एकमेकांत बसत नाहीत. क्लच दाबून गाडी वीतभर पुढे-मागे ढकला, गिअर अलगद पडतो. दणक्यांनी शिफ्ट फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा आतला काटा, वाकतो, आणि त्याचा खर्च क्लचपेक्षा मोठा आहे.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. ओल्या मातीत साइड स्टँड रुततो आणि गाडी डावीकडे पडते. गिअरचा पाय आत वाकून इंजिनाच्या कव्हरला घासतो, मग तो पूर्ण प्रवास करत नाही आणि गिअर अर्धवट पडतो. गाडी उचलल्यावर आरशाआधी तो पाय बघा. त्याचा बोल्ट सैल असेल तर आतले दाते घसरून पाय नुसता हलतो. लाल चिखल सांध्यात सुकला तर पाय जागेवर परत येत नाही; पाण्याने धुऊन, सुकवून तेल द्या.

ढिली चेनसुद्धा गिअर बदलताना हिसके देते आणि नाव क्लचचं होतं. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांत चेन दिसतच नाही. कव्हरचं रबरी बूच काढून बोटाने बघा. वर-खाली मिळून २० ते ३० मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन ज्या वेगाने चालतं तो वेग, फार वाढवून ठेवलं असेल तरी पहिला गिअर खाडकन पडतो.

बंद पडून राहिलेली गाडी

शिमग्याला चालवलेली गाडी गणपतीला बाहेर काढायची, ही चाकरमान्यांच्या घरची रीत. मधल्या काळात क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. तशीच सुरू करून गिअर टाकला तर क्लच दाबलेला असूनही गाडी उडी मारते. आधी इंजिन बंद ठेवून शेवटचा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी पुढे-मागे झुलवा. प्लेटा सुटल्या की चाक मोकळं फिरतं. मग न्यूट्रलला सुरू करून इंजिन गरम होऊ द्या.

गाडी पुरात बुडली असेल तर ती सुरूच करू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं ऑईल तपासा; दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच, गिअर आणि इंजिन एकाच ऑईलमध्ये चालतात, म्हणून ते ऑईल काढून टाकणं सर्वांत तातडीचं. पाण्याने प्लेटांवरचा थर सुटू शकतो.

ऑईल निवडतानाही हेच लक्षात असू द्या. घरातलं कारचं उरलेलं ऑईल बाईकमध्ये ओतू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी ऑईलमध्ये चालणारा हा क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2; अशा क्लचला चालणाऱ्या ऑईलची जपानी मानकं) लिहिलेलं हवं.

प्लेटा खरंच गेल्या तर

प्ले बरोबर आहे, ऑईल योग्य आहे, तरी वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर प्लेटा गेल्या. पूर्ण सेट घ्या आणि स्प्रिंगांची लांबी मोजून घ्या, गरज पडल्यास त्याही बदला. नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑईलमध्ये भिजवायला सांगा. कोरड्या बसवलेल्या प्लेटा पहिल्याच चढाला करपू शकतात. जुन्या स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या आहेत का तेही बघून घ्या.

जोर दिल्यावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल, तर क्लच कितीही ॲडजस्ट केला तरी उपयोग नाही. गिअरचे दात किंवा शिफ्ट फोर्क झिजलेले असतात, आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, दोन भागांत उघडावी लागते. ते काम पावसाळ्याआधी करून घ्या, आणि इंजिन उघडलंच आहे तर बेअरिंगही तपासायला सांगा.