जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलताना

जुन्या पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी घातक करणारा भाग, निकामी होतो, तेव्हा मूळ दोष बहुतेक वेळा इंजिनातच असतो. म्हणून नवा भाग विकत घेण्याआधी जुना कशामुळे गेला हे शोधणे, हाच या कामाचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, असे माझे ठाम मत आहे.

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, तर न जळलेले पेट्रोल इथवर येऊन पेटते आणि त्या उष्णतेने सिरॅमिक वितळते. झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून जळणारे ऑइल किंवा हेड गॅस्केटमधून गळणारा कूलंट यांमुळे लेपावर थर साचतो व तो निष्क्रिय होतो. तेव्हा स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, ऑइलचा खप आणि कूलंटची पातळी आधी तपासावी. यांतला दोष तसाच ठेवला, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४२० हा, कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा, कोड दिसला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच, असे समजू नये. एक्झॉस्टमधील गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही हा कोड आणू शकतो. इंजिन पुरते तापल्यावर कन्व्हर्टरनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बराचसा स्थिर असायला हवा. तो कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरसारखाच भराभर वरखाली होत असेल आणि गळती नसेल, तर संशय पक्का होतो. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खडखडाट ऐकू आला, तर ठोकळा फुटलेला आहे.

एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्यावरच कामाला हात घालावा, कारण चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर काहीशे अंश तापलेला असतो. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून चाकांना अडसर लावावा, ती जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी आणि बॅटरीची ऋण तार काढावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

जुन्या गाडीत सगळा वेळ खातात ते गंजलेले नट. त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मारावे. नट हलला नाही, तर जोर वाढवण्याऐवजी तो थोडा घट्ट करून मग सैल करावा, असे आलटून पालटून करत राहावे. घाईने स्टड तुटला, तर तो काढायला उरलेल्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागतो. सेन्सर काढायला वायरसाठी खाच असलेला खास सॉकेट वापरावा. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी मागच्या पाइपला आधार द्यावा, नाहीतर तो रबरी हँगरवर लोंबकळतो.

नवा कन्व्हर्टर त्याच मॉडेलसाठी व त्याच इंजिनासाठी बनवलेला असावा. त्यावरील बाण एक्झॉस्ट वायूच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडून सायलेन्सरकडे, ठेवावा. गॅस्केट व नट नवेच घ्यावेत. सगळे जोड आधी हाताने बसवून पाइप कुठे टेकत नाही ना ते पाहावे आणि मग गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कनुसार (कसण्याच्या जोरानुसार) पुढून मागे कसत जावे. सेन्सरच्या टोकाला ग्रीस किंवा पेस्ट लागू देऊ नये.

बॅटरी जोडून मोकळ्या जागेत इंजिन सुरू करावे आणि ते थंड असतानाच जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. नव्या धातूवरील तेलाचा थर जळत असल्याने सुरुवातीला थोडा धूर येतो, तो लवकरच थांबतो. कोड स्कॅनरने पुसावा, पण निकाल लगेच मागू नये. वेगवेगळ्या वेगांनी गाडी चालवून संगणकाची तपासणी पूर्ण होऊ द्यावी आणि त्यानंतरच स्कॅनर पुन्हा जोडावा.