वेळेचा हिशोब नेमका चाळीस मिनिटांनी चुकतोय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत महिनाअखेरीला ओव्हरटाइम जुळवताना वाद ठरलेला. कामगार म्हणतो पावणेआठ तास भरले, वही म्हणते सात तास पाच मिनिटं. बहुतेक वेळा लबाडी कुणाचीच नसते. 2 तास 20 मिनिटं, 1 तास 50 मिनिटं आणि 3 तास 35 मिनिटं अशी तीन दिवसांची बेरीज कुणीतरी कॅल्क्युलेटरवर 2.20, 1.50, 3.35 अशी मारलेली असते. उत्तर येतं 7.05. खरं पाहता मिनिटांची बेरीज होते 105, म्हणजे 1 तास 45 मिनिटं, आणि एकूण 7 तास 45 मिनिटं. कॅल्क्युलेटरने शंभर मिनिटांचा तास धरला आणि 40 मिनिटं गिळून टाकली.

पुढे तोच 7.05 दराने गुणला जातो, तेव्हा आणखी दोन मिनिटं जातात, कारण 0.05 तास म्हणजे 3 मिनिटं, 5 नव्हे. साधा दर ताशी 120 रुपये असेल, तर कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे 240. पावणेआठ तासांचे 1,860 रुपये व्हायला हवेत, हातात पडतात 1,692. तीन दिवसांत 168 रुपये कमी.

वजाबाकीत हीच चूक उलट्या बाजूने येते. सकाळी 7:40 ला सुरू झालेलं काम 10:15 ला संपलं. 10.15 वजा 7.40 केलं की 2.75 दिसतं, ते ‘दोन तास पंचाहत्तर’ म्हणून सव्वातीन तास धरलं जातं. प्रत्यक्षात लागले 2 तास 35 मिनिटं. फरक पुन्हा 40.

म्हणून दोन माणसांच्या हिशोबात 40, 80 किंवा 120 मिनिटांचा फरक निघाला, तर आधी दशांश चिन्हावर संशय घ्या. आकड्यांची अदलाबदल झाली का हे पाहायला हिशोबनीस फरकाला नऊने भाग जातो का बघतात, तशीच ही खूण. रात्रपाळीचा हिशोब मात्र सरळ वजाबाकीने करूच नका, मध्यरात्री तोडा. रात्री 10:40 ते 12 म्हणजे 1 तास 20 मिनिटं, त्यात सकाळच्या सव्वासहापर्यंतचे 6 तास 15 मिनिटं मिळवा. झाले 7 तास 35 मिनिटं.

भागाकारात चूक जास्त लपते, कारण तिथे फरक चाळिसाचाच येईल असं नाही. निफाड-दिंडोरीकडे सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावताना हे हमखास घडतं. समजा थ्री फेज वीज आठ तास आहे आणि क्षेत्र पाच एकर: थोरल्याचं दोन, मधल्याचं दीड, धाकट्याचं दीड. आठ भागिले पाच, 1.6. आता कुणी म्हणतं एकरी एक तास सहा मिनिटं, कुणी म्हणतं एक तास साठ, म्हणजे दोनच तास धरा की! पहिल्या हिशोबाने पाच एकर साडेपाच तासांत आटोपतात आणि अडीच तास कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. दुसऱ्याने दहा तास लागतात आणि धाकट्याचं बरंचसं रान कोरडं राहतं. 1.6 मधल्या .6 ला साठने गुणायचं: 36. एकरी 1 तास 36 मिनिटं. थोरल्याला 3 तास 12 मिनिटं, बाकी दोघांना 2 तास 24 मिनिटं प्रत्येकी. तिन्ही मिळवून पाहा, बरोबर आठ तास भरतात. ही उलटी बेरीज केल्याशिवाय पाळीचा कागद भिंतीवर लावू नये, नाहीतर भर उन्हाळ्यात भावकीत अबोला ठरलेला.

क्षेत्र गुंठ्यांत असेल तर सरळ मिनिटांत उतरा. आठ तासांची 480 मिनिटं, पाच एकरांचे 200 गुंठे. गुंठ्याला 2.4 मिनिटं, म्हणजे 2 मिनिटं 24 सेकंद. तीच साठची गुणाकाराची रीत, फक्त एक पायरी खाली. माझं मत विचाराल तर प्रत्येक भागाकार असाच करावा: आधी सगळ्याची मिनिटं, मग भाग, आणि तास शेवटी.

तरीही कुणाला तास आधी भागायचे असतील तर उरलेल्या तासांकडे लक्ष ठेवा. 5 तास 20 मिनिटं तिघांत वाटायची आहेत. पाचात तीन एकदा गेले, दोन तास उरले. शाळेच्या सवयीने ते दोन वीसच्या पुढे मांडून 220 करतात. दोन तासांची 120 मिनिटं, अधिक 20, झाली 140. तिसरा भाग 46 मिनिटं 40 सेकंद. प्रत्येकाला 1 तास 46 मिनिटं 40 सेकंद.

वेळेला वेळेनेच भागायचं असेल तर उत्तरात तास-मिनिटं नसतातच, आणि इथे भले भले गडबडतात. मशीनवरच्या एका जॉबला, म्हणजे एका नगाला, 35 मिनिटं लागतात, पाळी आठ तासांची. 480 भागिले 35, साधारण 13.71. हे 13 जॉब. .71 म्हणजे 71 मिनिटं नाहीत आणि तासाचा भागही नाही. तो चौदाव्या जॉबचा भाग आहे, 35 ने गुणला की 25 मिनिटं येतात. म्हणजे पाळी संपताना चौदावा जॉब मशीनवर अर्धवट असेल. सुपरवायझरला ‘पावणेचौदा’ सांगून उपयोग नाही.

एक्सेलमध्ये वेळ टाकताना टिंब नको, कोलन द्या. बेरीज चोवीस तासांच्या वर गेली की एक्सेल पूर्ण दिवस लपवतं आणि 31 तासांचे 7 दाखवतं. फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर h चौकोनी कंसात घातलं की खरी बेरीज दिसते. पगारासाठी त्या बेरजेला दराने गुणण्याआधी 24 ने गुणा, कारण एक्सेलच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे 1. ही पायरी राहिली तर पगार चोविसाव्या हिश्श्याएवढा येतो. ती चूक निदान लगेच ओरडते तरी. सायंटिफिक कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर अंश-मिनिट-सेकंदाच्या चिन्हांचं बटण वापरा, तासांचा हिशोब त्यावर थेट होतो.

वर्ष-महिन्यांत साठऐवजी बारा येतात, चूक तीच. 1 वर्ष 6 महिने व्याजाच्या सूत्रात 1.6 लिहू नका, 1.5 लिहा. 1 वर्ष 8 महिने म्हणजे 1.67. महिना चार आठवड्यांचा धरून दूधवाल्याचा किंवा कामवाल्या मावशींचा हिशोब केला तर वर्षाचे 48 आठवडेच भरतात, चार राहून जातात.

पंचांगातल्या घटी-पळांत साठ असतात, पण घड्याळाचे नव्हेत. दिवसाच्या 60 घटी, म्हणून घटी 24 मिनिटांची आणि पळ 24 सेकंदांचं. ‘घटी 12 पळे 30’ वाचून साडेबारा वाजता पूजेला बसू नका. 12 घटींची 288 मिनिटं, 30 पळांची 12, मिळून पाच तास, आणि तेही सूर्योदयापासून. सूर्योदय सव्वासहाला असेल तर ती वेळ सव्वाअकराची.