सॅटेलाइट प्रोपल्शनमध्ये यायचंय? मग आधी व्हॉल्व्ह शिका

प्रोपल्शनमध्ये, म्हणजे उपग्रहाला ढकलणाऱ्या इंजिनांच्या कामात, यायचंय म्हणणाऱ्या पोरांशी बोललं की गाडी हमखास नोझलवर येते, म्हणजे इंजिनाच्या ज्या तोंडातून गरम वायू बाहेर पडतो त्यावर. इम्पल्स (धक्का) किती मिळतो, सीएफडीचे (कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित) रंगीत प्लॉट कसे काढायचे वगैरे. शिका की, पण कामाला लागल्यावर माझी सुरुवातीची वर्षं नोझलमध्ये गेलीच नाहीत, गेली ती टाकी आणि थ्रस्टरच्या (यान ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) मधल्या भागात. पाईप, फिल्टर, लॅच व्हॉल्व्ह (उघडा किंवा बंद केला की तसाच राहणारा), चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा), हेलियमचा रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा). कॉलेजात यावर धड एक लेक्चर झालं नव्हतं आणि मी पार गांगरून गेलो होतो.

हे जरा सविस्तर सांगतो. बायप्रोपेलंट सिस्टीममध्ये, म्हणजे जिथे फ्युएल आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर वेगवेगळ्या टाक्यांत असतात तिथे, बहुतेकदा एकच हेलियम दोन्ही टाक्यांना प्रेशर देतो. म्हणजे एकमेकांना नुसतं भेटले तरी पेट घेणारे दोन पदार्थ एका गॅस लाईनने जोडलेले, मध्ये राखणदार काय तर चेक व्हॉल्व्ह. तो द्रव अडवतो, वाफ मात्र सीलमधून हळूहळू पलीकडे जातच राहते. जपानच्या अकात्सुकी या शुक्रयानात वाफांपासून क्षार तयार झाला, फ्युएलच्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह तुंबला, फ्युएल कमी पडून मिक्स्चर बिघडलं आणि डिसेंबर 2010 मध्ये शुक्राच्या कक्षेत शिरायच्या ऐन वेळी मेन इंजिन कामातून गेलं. 5 वर्षं सूर्याभोवती फिरून 2015 मध्ये छोट्या थ्रस्टरवर यान कसंबसं कक्षेत घातलं. 1993 मध्ये मंगळाजवळ हरवलेल्या मार्स ऑब्झर्व्हरच्या चौकशीतही संशय याच लाईनवर आला. म्हणून डिझाइन करताना 'इंजिन चालेल का' एवढंच विचारू नका, 'महिनोन्‌महिने बंद पडून राहिल्यावर चालेल का' हे विचारा. मंगळयानाचं 440 न्यूटनचं इंजिन साधारण 300 दिवसांनी परत पेटवायचं होतं, तर 22 सप्टेंबर 2014 ला आधी जेमतेम 4 सेकंद चालवून बघितलं, मग 24 तारखेचं खरं फायरिंग.

स्पष्टच बोलतो, 3 महिन्यांत रॉकेट इंजिनिअर करणाऱ्या ऑनलाइन कोर्सवर पैसे घालवू नका. इंधन जळल्यावर तापमान, इम्पल्स किती मिळेल हे काढणारा नासाचा सीईए प्रोग्राम फुकट आहे, तो चालवा आणि आकडे हाताने ताडून बघा. आणि मेंटॉर म्हणाल तर माझ्या मते लीक टेस्ट (गळती तपासणी) करणाऱ्या टेक्निशियनसारखा गुरू नाही. गळणारा हेलियम हुंगणारा प्रोब फिटिंगभोवती फिरवताना तो घाई का करत नाही, रीडिंग हललं की नट आवळायच्या आधी सीलिंगचा पृष्ठभाग भिंगाखाली का बघतो, हे शेजारी उभं राहून बघा, जमलं तर रोज.

आयआयटी नाही म्हणून घाबरू नका हो. इस्रोची भरती परीक्षा मेकॅनिकलवाल्यांना खुली असते, आणि विक्रोळीत गोदरेजकडे इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन बनतं, तिथलं मशीनिंग-वेल्डिंगचं कामसुद्धा प्रोपल्शनच आहे. सुरुवातीला मीटिंगमध्ये निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ दे. इंटरव्ह्यूआधी एवढं करा: हेलियमच्या बाटलीपासून थ्रस्टरपर्यंत अख्खी लाईन कोऱ्या कागदावर काढा, आणि प्रत्येक व्हॉल्व्हपुढे लिहा की हा उघडा अडकला तर काय, बंद अडकला तर काय.