आज्जाची जर्मन दुनळी: वरचं नाव सोडा, नळ्या उलट्या करून बघा

खानापूर, जांबोटी, निपाणी, चिकोडी, कुठल्याही जुन्या वाड्यात जावा, माळ्यावर नाहीतर कपाटात एक तरी दुनळी निघतेच, आणि घरातले सांगतात "ही जर्मन कृपची बंदूक हाय, साहेबानं दिलेली". आमच्या घरात पण तेच. आज्जा गेल्यावर लायसन काकांच्या नावावर करायच्या वेळी मी पहिल्यांदा ती नीट हातात घेतली, आणि तेव्हापासून नातेवाईक, ओळखीचे असं करत बऱ्याच जुन्या बंदुका बघितल्या. मेकर कोण आणि साल कुठलं हे कसं काढायचं ते सांगतो.

आधी लायसनचं. बंदूक ज्याच्या नावावर आहे तो माणूस समोर पाहिजे, वारला असेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं जमा करून मग वारसाचा अर्ज. कोडगूच्या (कूर्गच्या) कोडव लोकांना लायसनमधून सूट आहे म्हणून आपल्याकडं पण चालतंय असं कुणीतरी सांगतो, ते चालत नाही, बेळगाव जिल्ह्याला ती सूट नाही. आणि ओळख पटवायला बंदूक गावभर फिरवू नका, फोटो फिरवा. इलेक्शनला जमा करायची वेळ आली की त्याआधी एक दुपार काढून हे काम उरकून टाका, म्हणजे दोन्ही होतं.

बंदूक जमिनीकडं धरून वरची चावी अंगठ्यानं बाजूला ढकला, बंदूक मधे बिजागरीवर वाकून उघडते, दोन्ही नळ्यांत काडतूस नाही ना ते डोळ्यानं बघा आणि बोट घालून पण बघा. मग नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा, ज्याला फोरएंड म्हणतात, तो काढा, कुठं बटण असतं कुठं खटका, जोर लावायचा नाही. नळ्या बिजागरीवरून सुटतात. त्या उलट्या करा. मागच्या बाजूला, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) खाली, जो सपाट भाग आहे तिथं बंदुकीचा सगळा जन्मदाखला ठोकलेला असतो. वर्षानुवर्षं तेल सुकून काळं झालेलं असतं, त्यावर बंदुकीचं थोडं तेल सोडून तासभर ठेवा आणि मऊ फडक्यानं पुसा, दात कोरायच्या काडीनं खाचा साफ करा. चिंच, राख, पॉलिश पेपर काही लावायचं नाही, हात जोडून सांगतो, एका घरात पोरांनी चकाचक करायच्या नादात अर्धे शिक्के घासून टाकले, ते परत येत नाहीत. मोबाईलचा टॉर्च वरून न मारता बाजूनं आडवा मारा, शिक्के उठून दिसतात, मग फोटो काढा.

आता कृपचं. नळीवर तीन एकात एक अडकलेली वर्तुळं आणि "फ्लुस-श्टाल क्रुप एसेन" असं लिहिलेलं असतं, ते वाचून सगळे म्हणतात कृपची बंदूक. क्रुप ही एसेन गावची पोलादाची कंपनी, फ्लुस-श्टाल म्हणजे ओतीव पोलाद, म्हणजे नळीचं पोलाद त्यांचं, बंदूक दुसऱ्यानं बनवली. ऊस आपला असला म्हणून साखर कारखाना आपला होत नाही. "ब्यॉलर", "अँटिनिट", "निरोस्टा" ही पण पोलादाचीच नावं. ही एक गोष्ट समजली की निम्मा घोळ मिटतो.

दुसरा घोळ दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरच्या नावाचा. तिथं कधी मेकरचं नाव असतं, पण बरेचदा विकणाऱ्या दुकानाचं असतं, बर्लिन, लाइपझिग असं शहर लिहिलेलं, किंवा कलकत्ता मुंबईच्या डीलरचं. बंदूक बनायची जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, झूल नावाच्या गावात नाहीतर शेजारच्या त्सेला-मेलिसला, आणि दुकानदार आपलं नाव घालून विकायचा. (झूल हे बैलाच्या झुलीसारखंच म्हणायचं, इंग्रजीत एस यू एच एल लिहिलेलं असतं.) त्सेला आणि मेलिस ही दोन गावं १९१९ साली एकत्र झाली, म्हणून नळीवर जोडनाव दिसलं तर बंदूक त्यानंतरची. झूलचे खरे मोठे मेकर म्हणजे जे. पी. झाउअर, १७५१ पासूनचे, त्यांचा शिक्का हातात सोटा घेतलेल्या रानटी माणसाचा, मग हेनेल १८४० चे, मेर्केल १८९८ चे, ग्राइफेल्ट, क्रीगहोफ, झिमझन. यातलं नाव सापडलं तर तुमचं काम सोपं. नाही सापडलं तर नळीच्या खाली बारीक दोन अक्षरं बघा, ती बहुतेक वेळा नळी बनवणाऱ्या कारागिराची असतात, बंदूक विकणाऱ्याची नाही.

साल काढायचा भाग मला सगळ्यात आवडतो. जर्मनीत १८९१ साली बंदुकीची नळी जादा दारू भरून तपासायचा कायदा झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून लागू झाला. त्याचे शिक्के म्हणजे मुकुट आणि खाली एक इंग्रजी अक्षर. यू म्हणजे तपासणी झाली, एस म्हणजे छऱ्याची गुळगुळीत नळी, डब्ल्यू म्हणजे तोंडाकडं आवळलेली नळी, ज्याला आपण चोक म्हणतो, जी म्हणजे आत आटे असलेली रायफलची नळी. दोन छऱ्याच्या नळ्या आणि खाली तिसरी रायफलची, अशी ड्रिलिंग असेल तर जी नक्की दिसणार. आणि मुकुटाखाली व्ही दिसला तर मनापासून आनंद माना, कायदा आला तेव्हा जी बंदूक आधीच तयार होऊन पडलेली होती तिला व्ही मारायचे, म्हणजे ती १८९३ च्या आधीची.

मुकुटाखाली एन असेल तर नायट्रो, म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी तपासलेली, ती साधारण १९११ नंतरची. मुकुट जाऊन गरुड आणि त्याखाली एन आला तर १९३९ च्या नव्या कायद्याची, जो १ एप्रिल १९४० ला लागू झाला.

आणि मग तारीख. झूलच्या पुष्कळ नळ्यांवर, विशेषतः १९२० नंतरच्या, शिक्क्यांजवळ तीन किंवा चार आकडे असतात, लोक त्याला मॉडेल नंबर समजतात. ते महिना आणि साल. ६२९ म्हणजे जून १९२९, १०३४ म्हणजे ऑक्टोबर १९३४, कधी मधे टिंब असतं कधी नसतं. हा त्या नळ्यांच्या तपासणीचा महिना असतो, बंदूक पुरी होऊन विकायला त्यानंतर काही दिवस लागणारच. लांब पाच-सहा आकडी नंबर असतो तो सिरीयल, लायसनवर तोच चढवलेला असतो, दोन्ही जुळतात का ते पण त्याच वेळी बघून घ्या.

गोल वर्तुळातला १२ किंवा १६ म्हणजे बोअर. पौंडभर शिशाचे तेवढे सारखे गोळे केले तर एका गोळ्याची जेवढी जाडी तेवढी नळी, १२ बोअर म्हणजे साडेअठरा मिमीच्या आसपास. जुन्या जर्मन १६ बोअरचं चेंबर बरेचदा ६५ मिमीचंच असतं, आजचं ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, पण फुटल्यावर त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणून उसात डुकरं घुसली म्हणून आज्जाची बंदूक काढून बार टाकू नका, आधी जाणत्या गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून वेढून केलेली, ती तर भिंतीवरच शोभते.

अजून दोन शब्द कामाचे. "डी. आर. पी." म्हणजे जर्मन पेटंट, १८७७ पासून १९४५ पर्यंतचं, आणि "डी. आर. जी. एम." म्हणजे छोट्या सुधारणेची नोंद, ती १८९१ पासून सुरू झाली, म्हणजे तो शिक्का असलेली बंदूक त्याआधीची असूच शकत नाही. "होफ-लीफरांट" असं दुकानाच्या नावापुढं असेल तर राजदरबाराला माल पुरवणारा, जर्मनीतलं राजेपण नोव्हेंबर १९१८ ला संपलं, त्यामुळं ती बहुतेक वेळा त्याआधीची. नळीवर "नॉट इंग्लिश मेक" दिसलं तर ती १९२५ नंतर इंग्लंडमध्ये तपासून पुढं आलेली.

आणि जर्मन म्हणून आलेल्या कितीतरी बंदुका बेल्जियमच्या निघतात. अंडाकृती चौकटीत ई एल जी अशी अक्षरं दिसली की ते लिएज शहर, तिथं विषय संपला, जर्मनी नाही. वाईट वाटून घेऊ नका, लिएजचं काम पण चांगलं असतं.

आमच्या बंदुकीचं सांगायचं तर पट्टीवर मुंबईच्या दुकानाचं नाव, नळीवर क्रुपची तीन वर्तुळं, खाली मुकुट आणि यू, एस, एन, डाव्या नळीवर जास्तीचा डब्ल्यू, वर्तुळात १६, आणि कोपऱ्यात ९२८. घरात गोष्ट अशी की पणज्यांना कॅम्पातल्या गोऱ्या साहेबानं १९०५ ला दिली. नळी सप्टेंबर १९२८ ला तपासलेली आहे, म्हणजे ती पणज्यांच्या नाही, आज्जाच्या काळात आलेली, आणि दुकानातून विकत घेतलेली. आई म्हणाली तंबाखूला भाव आलेला त्या साली घेतली असणार. मी सगळे शिक्के एका कागदावर जसेच्या तसे काढले, शेजारी त्यांचा अर्थ मराठीत लिहिला, आणि तो कागद लायसनच्या पुस्तकात ठेवला. तुम्ही पण तसाच ठेवा.