जि.प. शाळेला नवीन वर्गखोली पायजे? ठरावापासून स्लॅबपर्यंत काय काय करावं लागते

पावसाळ्यात पोरं व्हरांड्यात, मार्चनंतर कडुनिंबाखाली, अन् कवेलूवाली जुनी खोली कुलूप लावून पडलेली. आपल्याकडच्या कितीतरी झेडपी शाळेत हेच चित्र. गावात कोणालाही विचारा काहून असं, तर उत्तर ठरलेलं, "वरून निधीच येत नाही बाप्पा". निधी येते भाऊ, पण ज्या गावाची फाइल तयार असते तिकडे जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसा खर्च करायची घाई सुटते तेव्हा साहेबलोक हेच पाहतात की ठराव, जागेचा कागद अन् अंदाजपत्रक तिन्ही कोणाकडे आहे. म्हणून पहिले कागद, मग पुढारी. आपलं सगळं उलटं चालते, पहिले पुढाऱ्याकडे हार घेऊन जातो अन् मग त्याचा पीए विचारते की प्रस्ताव कुठे आहे.

अमेरिकेत शाळेची इमारत बांधायची तर तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट बाँड काढते, म्हणजे कर्जच, त्यावर लोकं मतदान करतात अन् पास झालं की घरा-जमिनीवरच्या टॅक्समधून वर्षानुवर्षं फेडत राहतात. आपल्याकडे तसं नाही. शाळा झेडपीची, पैसा चार-पाच दारांतून येते, अन् गावाचं मत म्हणजे ग्रामसभेचा ठराव. तो मोघम राहिला की पुढे कोणी विचारत नाही.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती आहे, ७५ टक्के मेंबर पालक, निम्म्या बाया, आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती करते. बऱ्याच गावांत समितीची बैठक रजिस्टरातच होते, शिपाई घरोघरी सह्या घेऊन येते, हे सगळ्यांना माहीत आहे. तसं करू नका. एक दिवस खरोखर शाळेत बसा, टेप घ्या, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, भेगा कुठे, गळते कुठे, दरवाजे आहेत का, सगळं लिहा, तारीख दिसेल असे फोटो काढा. कायद्याच्या अनुसूचीत एका शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलं-मुलींचे वेगळे संडास, पिण्याचं पाणी, पोषण आहार शिजवायची खोली, मैदान, कंपाउंड एवढं सांगितलेलं आहे. त्यातलं आपल्या शाळेत काय नाही ते एका कागदावर मांडा, हाच तुमचा आराखडा, यासाठी कोणता सल्लागार लागत नाही.

त्याच दिवशी मुख्याध्यापक सरांना यू-डायस उघडायला लावा. हे मी जोर देऊन सांगतो कारण इथंच जास्त घोळ असते. दरवर्षी शाळेची माहिती त्यात भरतात, किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या. मागच्या वर्षीचंच पुढे ढकललं असेल तर पडायला आलेली खोली सरकारच्या कॉम्प्युटरवर अजून ठणठणीत उभी राहते, अन् समग्र शिक्षा या सरकारी योजनेवाले तोच आकडा पाहून म्हणतात, तुम्हाला खोलीची गरजच नाही.

आता निर्लेखन, म्हणजे जुनी खोली कागदावरून रीतसर उतरवणं. शिकस्त खोली कागदावरून उतरत नाही तोपर्यंत पटाच्या हिशोबानं खोल्या पुरेशा दिसतात, मग नवीन मिळत नाही, अन् जुनी पाडताही येत नाही कारण ती झेडपीची मालमत्ता. सरपंचानं जेसीबी लावून पाडली तर उद्या त्याच्याच गळ्याला फास. रीत अशी आहे की समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, इमारत कोणत्या साली बांधली, किती चौरस फूट, फोटो, एवढं घेऊन मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्याकडे प्रस्ताव देतात. मग बांधकाम उपविभागाचा इंजिनियर येऊन पाहणी करते, खोली वापरायला धोकादायक आहे असा दाखला देते, अन् झेडपीची मंजुरी आली की जुन्या सामानाचा लिलाव करून पाडता येते. इंजिनियर यायलाच वेळ लागते, त्याच्यामागे लागावं लागते, पंचायत समितीत गेलं की चहा पिऊन परत यायचं नाही, आवक नंबर टाकलेली पोच घेऊनच यायचं. आणि एक, मंजुरी येईपर्यंत त्या खोलीत पोरं बसवू नका. धोकादायक म्हणून लिहून दिल्यावर जबाबदारी कोणाची यावर कोणी वाद घालत बसू नये.

ग्रामसभा. वर्षाला किमान चार व्हायला पायजेत, आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर असं धरून चालतात. शाळेसाठी सगळ्यात कामाची २ ऑक्टोबरची, कारण पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा त्याच्यापासूनच सुरू होते. कोरम म्हणजे गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा. नोटीस सात दिवस आधी लागते, तिच्यात शाळेचा विषय नावानं छापून आणा, "ऐनवेळी येणारे विषय" मध्ये टाकू देऊ नका, नाहीतर सभा संपता संपता घाईघाईत वाचतील अन् निम्मे लोक उठून गेलेले राहतील. त्याच्या आधी महिला सभा असते तिथं विषय नक्की घ्या, बाया बोलल्या की संडासाचा मुद्दा आपोआप वर येते, माणसांच्या सभेत तो कधीच येत नाही.

ठराव कसा नसावा? "शाळेला भौतिक सुविधा मिळाव्यात असे सर्वानुमते ठरले." झालं, असा ठराव कोणत्याच टेबलावर चालत नाही. असा लिहा: "जि.प. प्राथमिक शाळेतील दोन वर्गखोल्या शिकस्त असून त्यांचे निर्लेखन करावे, त्याच जागेवर दोन नवीन वर्गखोल्या व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह बांधावे, जागा शाळेच्या ताब्यात असून ग्रामपंचायतीची हरकत नाही, काम आराखड्यात समाविष्ट करून प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे पाठवावा." सूचक, अनुमोदक, ठराव नंबर, तारीख. अन् ग्रामसेवकाकडून (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात ग्रामसेवकच म्हणतात) सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. पाच-सहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक दारात एक द्यावी लागते.

जागेचा कागद हा आपल्या पूर्व विदर्भातला वेगळाच ताप. सातबारा काढून पाहा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत किती शाळा अशा जमिनीवर उभ्या आहेत जिच्यावर "झुडपी जंगल" लिहिलं आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच असा निकाल दिला, १२ डिसेंबर १९९६ च्या आधी दिलेल्या जमिनींसाठी राज्य सरकारनं केंद्राकडून मंजुरी घ्यायची वाट ठेवली. म्हणजे तुमच्या शाळेचं तसं असेल तर शाळा कधीपासून आहे याचा पुरावा, जुनं हजेरीपुस्तक, दाखल-खारीज रजिस्टर, मालमत्ता नोंद, हे आत्ताच शोधून तहसीलमध्ये विचारा. टेंडर निघाल्यावर वनविभागाची नोटीस आली तर ठेकेदार सामान गुंडाळून जाते.

पैशाची दारं. मोठं दार जिल्हा नियोजन समिती, पालकमंत्री अध्यक्ष, वर्गखोल्यांचं बांधकाम अन् दुरुस्ती मुख्यत्वे तिथून. तुमचा प्रस्ताव झेडपीच्या शिक्षण विभागाच्या यादीत जायला पायजे, म्हणून दिवाळीच्या आतच पोचवा. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर असते, ३० पर्यंत पोरं असली तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, त्यात खडू-झाडूच भागते, खोली नाही. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीत येते, १५ व्या आयोगात ६० टक्के बंधित होता, पाणी अन् स्वच्छतेसाठी, म्हणजे शाळेचे संडास अन् हात धुवायचे नळ त्यातून बसतात, सरपंच नाही म्हणत असेल तर हे वाचून दाखवा. आमदार-खासदार निधी आहेच, पण तिथं सभामंडप अन् स्वागत कमानीशी तुमची स्पर्धा राहते. वणी, चंद्रपूर, उमरेडकडची कोळसा खाणीजवळची गावं, तुमसरकडची मॅंगनीजवाली, सुरजागडकडची लोखंडाच्या खाणीवाली, यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातलं जिल्हा खनिज प्रतिष्ठान (खाणवाल्यांकडून खाणबाधित गावांसाठी जमा होणारा निधी) सोडू नका, शिक्षण त्याच्या प्राधान्याच्या कामांत आहे. मेळघाट, गडचिरोलीकडे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांत आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला मिळते, तिथं ग्रामसभेचा शब्द चालते. आणि लोकवर्गणी. सोयाबीन-कापूस विकल्यावर दिवाळीनंतर मागा, जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर मागाल तर शिव्या खाल, पावती मात्र पाचशेचीही द्या.

मंजुरी आली, कार्यारंभ आदेश निघाला, आता खरी राखण. आपल्या काळ्या मातीत पाया उथळ घेतला की तीन-चार वर्षांत भिंतीला बोटभर भेग ठरलेली, माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात आटते. अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या, पाया किती खोल आहे, मुरुमाचा भराव किती आहे ते पाहा अन् खड्डा भरायच्या आधी गावातल्या एखाद्या गवंड्याला सोबत घेऊन टेप लावा, फोटो काढा. स्लॅब बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये पडते कारण विदर्भातली शाळा जूनच्या शेवटी उघडते अन् त्याच्या आत सगळ्यांना काम दाखवायचं असते, तेव्हा ४५ डिग्रीत निदान दोन आठवडे स्लॅबवर वाफे करून पाणी भरलेलं राहायला पायजे. ठेकेदार म्हणेल बोअरला पाणी नाही. मग ग्रामपंचायतीनं टँकर द्यावा, हे ग्रामसभेतच बोलून ठेवा.

काम झालं की मुख्याध्यापकांनी ताबा घेताना डोळे झाकून सही करू नये, पंखे, फळा, रॅम्प, खिडक्यांच्या कड्या एक एक पाहून घ्यावं. ठेकेदाराची सुरक्षा ठेव काही काळ झेडपीकडे अडकलेली राहते, तो काळ किती आहे ते करारात लिहिलेलं असते, ते पान झेरॉक्स करून समितीच्या फाइलमध्ये लावा. पहिल्याच मोठ्या पावसात स्लॅबखाली उभं राहून पाहा, ओल दिसली तर त्याच आठवड्यात बांधकाम उपविभागाला लेखी द्या अन् पोच घ्या, ठेव परत गेल्यावर कोणी फोनही उचलत नाही.